सामूहिक वनहक्काचा दावा: आधी शीव, मग नमुना

महिन्या-दोन महिन्यांनी देवलापार, पारशिवनी नाहीतर भिवापूरकडून कुणीतरी फाइल घेऊन नागपुरात येतं. चहा होतो, फाइल उघडते. वर दाव्याचा नमुना, म्हणजे सरकारी अर्ज, सुवाच्य अक्षरात भरलेला. खाली ठराव, त्याखाली आधार कार्डांच्या झेरॉक्स. सगळ्यात तळाशी वहीच्या पानावर काढलेला नकाशा, आणि त्यावर शेजारच्या गावाचं नावही नाही. मी फाइल तळापासून वाचतो. तळ कच्चा असेल तर वरचं अक्षर कितीही सुवाच्य असो, दावा परत येतो.

चूक क्रमाची असते. गोंड, हलबा, माना, गोवारी वस्तीच्या गावांत जंगलाचा कारभार आजही बैठकीत ठरतो. मोहाची झाडं कुणाच्या वाट्याची, गुरं कुठल्या महिन्यात कुठल्या नाल्यापलीकडे न्यायची, देवस्थळाच्या आवारातली फांदी कुणी तोडायची नाही, हे सगळं ठरलेलं असतं. जंगलावरचे गावाचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याला नेमका हाच कारभार कागदावर हवा आहे. आपण मात्र बैठक बाजूला ठेवतो आणि झेरॉक्सच्या दुकानातून सुरुवात करतो.

१. कोणती ग्रामसभा, हे आधी ठरवा

नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे इथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू नाही. गडचिरोलीच्या गावातला ठराव आणून त्यात फक्त गावाचं नाव बदललेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. ‘पेसा कायद्यान्वये’ हे शब्द त्यात तसेच राहतात आणि पहिल्याच टेबलावर हसू होतं. वनहक्क कायदा मात्र अनुसूचित क्षेत्राबाहेरही पूर्ण लागू आहे. ठरावात त्याचाच आधार घ्या.

आपल्याकडे गटग्रामपंचायती भरपूर. तीन-चार गावं आणि एखादा टोला, म्हणजे गावापासून सुटी वस्ती, मिळून एक पंचायत. दावा गावाचा असतो, पंचायतीचा नसतो. मुख्य गावाचं जंगल एका दिशेला आणि टोल्याचं दुसऱ्या दिशेला असेल, तर टोल्याने स्वतंत्र ग्रामसभा म्हणून पुढे यावं. नोंद नसलेल्या किंवा मोजणी न झालेल्या वस्तीसाठी नियम २-क मध्ये वाट दिली आहे: वस्तीच्या ग्रामसभेचा ठराव, पंचायतीची यादी, उपविभागीय अधिकाऱ्याची पडताळणी आणि शेवटी जिल्हाधिकारी.

> तपासा: ठरावाच्या पहिल्या ओळीत गावाचं किंवा टोल्याचं नाव आहे, की गटग्रामपंचायतीचं?

२. वनहक्क समिती आणि कोरम

ग्रामसभा ग्रामपंचायतीने बोलवायची आणि पहिल्याच सभेत वनहक्क समिती निवडायची. सदस्य १० ते १५, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. पंधरा जणांची समिती असेल तर दहा आदिवासी आणि पाच महिला हव्यात. एकच व्यक्ती दोन्हीत मोजता येते. अध्यक्ष आणि सचिव समितीने आपल्यातून निवडायचे आणि दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीला लेखी कळवायचं.

संयुक्त वन व्यवस्थापन समिती ही वनहक्क समिती नाही. गावात जुनी समिती आहे, बोर्डही लागलेला आहे, म्हणून तिलाच पुढे करू नका. तिचा जन्म वेगळ्या कागदातून झालेला आहे.

समितीवर कुणाला घ्यायचं? बोलका पोरगा एक पुरे, मोबाइल चालवायला. बाकी जंगल पायाखालून गेलेली माणसं घ्या: गुराखी, मोहफूल वेचणाऱ्या बाया, पूजेचा मान असलेला भुमका, डोह माहीत असलेला मासेमार. पुढच्या टप्प्यांत हीच माणसं लागणार आहेत.

आता कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. बरेच दावे इथे पडतात, म्हणून सावकाश वाचा. ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा चालतो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ग्रामसेवकाच्या हाताला हीच सवय असते. वनहक्काच्या सभेला ती चालत नाही. इथे गावातल्या एकूण प्रौढांपैकी किमान निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. दाव्यांवर ठराव करायचा असेल तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधीही हवेत.

समजा गावात २६० मतदार आहेत. मग १३० माणसं हवीत आणि १३० च आली तर त्यांत ४४ महिला हव्यात. हे सभेच्या दिवशी मोजायला बसू नका. मतदार यादी घ्या, मेलेल्यांची आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं खुणा करून वेगळी काढा, वॉर्डवार माणसं वाटून घ्या.

दिवस निवडताना पंचांगाआधी शेत पाहा. धानाच्या रोवणीत सभा ठेवली की रामटेक-मौदा पट्ट्यात कुणी येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून बाया मोहाखाली असतात, मेमध्ये तेंदूवर. बुटीबोरीला कामाला जाणारी पोरं रविवारीच सापडतात. धान घरात आल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी, रविवारी संध्याकाळी, देवळासमोर किंवा गुरं जमतात त्या आखरावर सभा जमते. पंचायतीच्या खोलीत १३० माणसं मावत नाहीत, ही साधी गोष्टही लोक विसरतात.

एका गावाची फाइल याच कारणाने फिरली. सभेला माणसं भरपूर होती, फोटोत दिसत होती. पण हजेरी वही तीन ठिकाणी फिरली आणि बाया मागे बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत वही पोचायच्या आधीच चहा आला. वहीत महिलांचे अंगठे एकोणीस. फोटोतल्या लुगड्यांची मोजणी कोणतंही कार्यालय करत नाही. तेव्हापासून मी दोन वह्या ठेवायला सांगतो. महिलांची वही महिलेच्याच हातात, आणि सभा सुरू व्हायच्या आधी ती पूर्ण भरायची.

> सावध: सभा झाल्यावर घरोघरी फिरून घेतलेल्या सह्या शाईच्या रंगावरून आणि क्रमावरून ओळखू येतात. कोरम भरला नाही तर तसं लिहा आणि पुन्हा सभा बोलवा.

३. शीव: शेजारच्या गावांसोबत बसा

सामूहिक वनसंसाधन म्हणजे गावाच्या परंपरागत शिवेच्या आतलं जंगल. महसुली शीव आणि परंपरागत शीव एकच असतील असं नाही. बहुधा नसतातच.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न रिठी मौजांमुळे आणखी गुंततो. सातबाऱ्यावर गाव आहे, वस्ती एकही नाही, आणि जंगलात दोन-तीन शेजारच्या गावांची गुरं चरतात. दावा लिहिणारा म्हणतो, ‘तो मौजा आपला नाही’, आणि रिठीतलं जंगल सोडून देतो. सोडू नका. तुमचा वापर परंपरागत असेल तर ते जंगल तुमच्या दाव्यात येऊ शकतं. मात्र दुसऱ्या गावाचाही वापर असेल तर तो त्याच कागदावर लिहावा लागतो.

म्हणून नमुना भरण्याआधी प्रत्येक शेजारी गावासोबत एक बैठक घ्या. जुन्या पद्धतीनेच घ्या. आमंत्रण घेऊन गावातले दोन जाणते जातात, त्या गावच्या जाणत्यांसोबत खाली बसतात आणि शिवेवरच्या खुणा एकेक करून बोलून दाखवतात. ही भाषा खुणांची असते. अमुक नाल्याचा संगम, दोन मोहांच्या मधला दगड, मसनवट, जुनी पांदण. गट नंबर मध्ये आणला की भांडण सुरू, हा माझा अनुभव.

बैठकीत चार गोष्टी ठरवून लिहून घ्या:

- शीव कोणत्या खुणांवरून जाते;
- शिवेपलीकडे कोणाचा कोणता वापर चालतो, उदाहरणार्थ उन्हाळ्यात पाण्यावर गुरं, एखाद्या देवाची जत्रा, सरपण;
- तो वापर पुढेही चालू राहणार का;
- राखण आणि वणवा विझवणं कुणाकडे.

दोन्हीकडच्या सह्या घ्या, शेजारच्या गावाला एक प्रत द्या. नमुन्यातच लगतच्या गावांची नावं आणि त्यांच्यासोबत वाटून घेतलेली संसाधनं व जबाबदाऱ्या यांचा रकाना आहे. तो रिकामा सोडलेला दावा मी लगेच ओळखतो: शेजाऱ्याशी बोलणं झालेलं नाही.

मिटलं नाही तर? नियम सांगतो की दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावं आणि निष्कर्ष लेखी आपापल्या ग्रामसभेला द्यावा. तरीही सुटलं नाही, तर प्रश्न उपविभागीय समितीकडे जातो. माझं मत विचाराल तर वादाचा तुकडा ‘सामायिक’ लिहून दोघांनी दावे पुढे न्यावेत. तहसीलच्या गावी जाऊन शीव पक्की करून घेतलेली दोन गावं पुढे एकमेकांच्या वणव्याला धावत नाहीत.

४. शिवारफेरी आणि नकाशा

आता चाला. एका दिवसात होत नाही, तीन-चार फेऱ्या धरा. प्रत्येक फेरीत एक जाणता, एक बाई, एक गुराखी, एक मोबाइलवाला. मोबाइलवर जीपीएसचं कोणतंही साधं ॲप चालेल. प्रत्येक खुणेवर थांबा, बिंदू घ्या, फोटो घ्या आणि वहीत तिथला वापर लिहा.

बाई का, ते एका फेरीत कळलं. पुरुषांनी नाल्याच्या अलीकडेच शीव संपवली होती. सोबतची म्हातारी थांबली, काठीने पलीकडे दाखवून म्हणाली, “अन् मंग कुड्याची फुलं कुठून आनतो आमी?” नाल्यापलीकडे सगळ्या उतारावर कुडा होता. पावसाळ्याच्या तोंडाशी गावातल्या बाया तिथूनच भाजीची फुलं आणायच्या. पुरुष तिकडे कधी जात नसत, म्हणून त्यांच्या नकाशात तो उतारच नव्हता.

आधी जमिनीवर नकाशा काढा: रांगोळी, राख, गोटे, काहीही. मग कागदावर, आणि शेवटी वनविभागाच्या कक्ष क्रमांकांच्या (जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांच्या) नकाशावर. वन आणि महसुलाचे नकाशे व मतदार यादी पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे. लेखी मागा, पोच घ्या. उशीर झाला तरी अडून राहू नका. नमुन्यात गट किंवा कक्ष क्रमांकाच्या रकान्यासमोर ‘असल्यास व माहीत असल्यास’ असंच लिहिलेलं आहे. क्रमांक नाही म्हणून दावा घेणार नाही, असं कुणी म्हटलं तर नमुनाच पुढे करा.

झुडपी जंगल सोडू नका. नागपूरसह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ही नोंद आहे आणि बरेच लोक तिला पडीक समजतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल वनजमीनच मानलं आहे. वनहक्क कायद्याची वनजमिनीची व्याख्याही तितकीच रुंद: राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंसुद्धा. त्यामुळे पेंच किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या शेजारच्या गावाला ‘इथे दावाच होत नाही’ असं तोंडी सांगितलं गेलं, तर ते लेखी मागा.

> तपासा: नकाशावर पाणी, गुरांची वाट, देवस्थळ, मसनवट, मोह-चारोळीचे पट्टे, बोडी किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव, आणि चारही बाजूंच्या गावांची नावं आहेत का?

५. पुरावे: दोन पुरतात, पण योग्य दोन

एकाहून जास्त पुरावे हवेत, म्हणजे किमान दोन. ढीग नको.

जुन्या मध्य प्रांतात असल्याचा नागपूरकरांना इथे फायदा आहे. गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत सरपण, चराई, पाणी, रस्ते यांच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात लेखी अर्ज करा, प्रमाणित नक्कल घ्या. अक्षर जुनं असतं, म्हणून सोबत स्वच्छ टंकलिखित प्रत लावा.

दुसरा पुरावा वडीलधाऱ्यांचं निवेदन. दावेदार सोडून गावातल्या ज्येष्ठाने सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन कायद्याला चालतं. पण ‘आम्ही पिढ्यानपिढ्या जंगलावर अवलंबून आहोत’ हे वाक्य दहा जणांच्या नावाने दहा वेळा टाइप करू नका. बोलतील तसं लिहा: बैलगाडी कुठून जायची, कोणत्या साली कोणता डोह आटला, कोणती जत्रा भरायची. बाकी देवस्थळ, जुनी विहीर, मसनवट यांचे फोटो फेरीतून आलेलेच आहेत.

इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे अनुसूचित जमातीबाहेरच्या वननिवासींना, ७५ वर्षांची अट आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या वनात वास्तव्य आणि वनावर अवलंबित्व, एवढाच तिचा अर्थ. तोच जमिनीचा तुकडा ७५ वर्षं ताब्यात होता, हे सिद्ध करायची गरज नाही.

> सावध: उपग्रह प्रतिमा पुराव्याला जोड म्हणून चालतात, पुराव्याची जागा घेत नाहीत. ‘प्रतिमेत दिसत नाही’ एवढ्याच कारणाने नाकारलेला दावा पुनर्विचारासाठी मागा.

६. नमुने भरणे

नमुना आता भरायचा. वैयक्तिक ‘अ’, सामूहिक हक्कांचा ‘ब’, सामूहिक वनसंसाधनाचा ‘क’. नागपुरात हिंदी झेरॉक्सही फिरतात आणि त्यांत अक्षरं क-ख-ग अशी असतात. म्हणजे हिंदीतला ‘क’ वैयक्तिक दाव्याचा! अक्षर सोडा, शीर्षक वाचा.

‘ब’ आणि ‘क’ दोन्ही भरा. ‘ब’ मध्ये निस्तार, गौण वनोपज (मोहफूल, तेंदू यांसारखं), मासे, चराई हे हक्क. ‘क’ मध्ये जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. नुसता ‘ब’ मिळालेल्या गावाला मोहफूल वेचता येतं, पण कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा पट्टा) तोडायला आलेल्यांना गाव म्हणून विचारता येत नाही.

‘क’ ला सदस्यांची यादी जोडायची, नावापुढे अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक वननिवासी हे लिहून. मिश्र गाव असलं तरी सगळ्यांची नावं घाला. थोडे जरी वननिवासी असले तरी गाव दावा करू शकतं.

७. स्थळपाहणी

समिती दावेदारांना आणि वनविभागाला आगाऊ लेखी सूचना देते आणि जागेवर जाते. महसूल विभागालाही कळवा. वन आणि महसूल, दोन्ही अधिकाऱ्यांनी हजर राहायचं आणि पंचनाम्यावर नाव, हुद्दा, तारीख, अभिप्राय लिहून सही करायची, असं नियम सांगतो.

आले नाहीत तर? पाहणी करा, गैरहजेरी पंचनाम्यात लिहा, सूचनेची पोच जोडा. पुढे त्यांनी ‘आम्ही नव्हतो’ म्हणून हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत, तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हे सगळं त्या एका पोचेवर उभं आहे. सूचना फोनवर देऊन मोकळं होणाऱ्या समित्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

८. निर्णयाची ग्रामसभा

पुन्हा तोच कोरम, त्याच दोन वह्या. समितीचा अहवाल वाचून दाखवा, नकाशा भिंतीवर लावा, हरकती विचारा आणि लिहा. ठरावात हजर संख्या, त्यांतल्या महिला, एकूण मतदार हे तिन्ही आकडे घाला.

९. उपविभाग ते जिल्हा

मूळ फाइल देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स गावात ठेवा, पानांना क्रमांक द्या, पोच घेताना पानसंख्या लिहून घ्या. मधल्या चार पानांशिवाय फाइल परत आलेलं गाव मला माहीत आहे. तेव्हा क्रमांक घातले नव्हते, त्यामुळे कुणालाच काही विचारता आलं नाही.

उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीला त्रुटी दिसली तर तिने दावा स्वतः बदलू किंवा फेटाळू नये, कारणं लिहून ग्रामसभेकडे पाठवावा. त्यामुळे क्षेत्र परस्पर कमी झालं तर हरकत घ्या. उपविभागाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे जायला ६० दिवस असतात. निर्णय हातात पडल्याची तारीख पाकिटावर नाही, पोचवहीत लिहा.

१०. हक्कपत्र हातात आल्यावर

हार-फोटो होऊ द्या. पण स्वीकारण्याआधी चार ओळी वाचा. नाव ग्रामसभेचं आहे का? क्षेत्र दाव्याइतकं आहे का? चतुःसीमा खुणांसकट आहे का? ‘कार्य आयोजनेच्या (वनविभागाच्या आराखड्याच्या) अधीन राहून’ यासारखी अट कुठे घुसली आहे का? मग महसूल आणि वन अभिलेखांत नोंद झाली का, ते तीन महिन्यांत पाहा.

त्यानंतर नियम ४(१)(ङ) ची समिती. वनहक्क समितीचं काम दावा करणं, या समितीचं काम जंगल सांभाळणं आणि आराखडा करणं. आराखड्यासाठी सल्लागार शोधत बसू नका. बैठकीचे तोंडी नियम लिहून काढा, अर्धा आराखडा तिथेच झाला. उदाहरणार्थ मोहाखालचा पाला जाळायचा नाही, झाडून बाजूला करायचा, कारण उन्हाळ्यातले बरेच वणवे तिथूनच सुरू होतात. चारोळी ठरलेल्या दिवसाआधी कुणी तोडायची नाही, कारण एकाने कच्ची तोडली की दुसराही तोडतो आणि बाजारात भाव कच्च्याचाच मिळतो. दंड किती आणि कुणाकडे भरायचा, तेही लिहा. शिकारीचा हक्क या कायद्यात नाही, हेही त्याच पानावर स्पष्ट करा.

तेंदू विकायचा असेल तर खुटकटाईच्या (नवी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटण्याच्या) आधी, जानेवारीतच, ग्रामसभेत दर, जाहिरात आणि करार ठरवा. ठेकेदाराने टाइप करून आणलेल्या करारावर सही करू नका. पुडा ७० पानांचा, १००० पुड्यांची गोणी, आगाऊ रक्कम किती, फळीवर (पानं गोळा होतात तिथे) मोजणी कुणाची, पाऊस आला तर नुकसान कुणाचं, जीएसटी कोण भरणार, हे सगळं त्यात हवं. पैसे ग्रामसभेच्या खात्यात, सह्या दोघांच्या, त्यातली एक महिलेची.

वाहतूक परवाना हीच समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते, आणि गौण वनोपजावर स्वामित्वधन लागत नाही. परवाना पुस्तक छापून घ्या, क्रमांकासह, तीन प्रतींत. गाडी निघण्याआधी एक प्रत ड्रायव्हरकडे, एक वनपरिक्षेत्र कार्यालयात, स्थळप्रत गावात. नाक्यावर गाडी अडली की ड्रायव्हर फोन करेल. तो उचलायला कोण बसलंय, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.